अभ्यासघराच्या छतावरील पत्रा काढू देणेबाबत

प्रति,
मा. मुख्य तपासणी अधिकारी,
सार्वजनिक इमारती विभाग,
जिल्हा कार्यालय.

विषय : मौजे पिशदरा येथील सीलबंद अभ्यासघराच्या छतावरील पत्रा व बर्फ काढण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचा वापरबंदी आदेश. २) माझे यापूर्वीचे अर्ज (उत्तर अप्राप्त).

महोदय,

१. मी सवसन किमतशोएवा, पिशदरा येथे शिक्षिका असून गावाच्या वतीने हा अर्ज सादर करीत आहे. आमची शाळा नदीच्या खालच्या अंगाला आहे. हिवाळ्यात हिमकडे कोसळून रस्ता बंद होतो आणि बर्फ वितळेपर्यंत मुले घरीच राहतात. म्हणून गावाने आपल्याच श्रमातून अभ्यासघर उभारले. दगड नदीतला, तुळया घरोघरी दिलेल्या पोपलरच्या झाडांच्या, आणि भुसा घातलेला चिखल बायकांनी पायांनी तुडवलेला. छताच्या मध्यभागी आमचे जुने सुतार उस्तो (म्हणजे उस्ताद) इमोमयोर यांनी चौखण, म्हणजे उजेडाचा झरोका, बसवले. लाकडाच्या चौकटीवर तिरकी चौकट, तिच्यावर आणखी लहान, आणि शेवटी काच. आमच्या प्रत्येक घरात असेच असते. सकाळी उजेड आतल्या पश्चिमेच्या ओट्यावर पडतो, तेव्हा लहान मुले तेथे बसतात. दुपारी तो पूर्वेच्या ओट्यावर येतो, तेव्हा मोठी मुले तेथे बसतात, आणि गावातील बायका मोजे विणता विणता अक्षरे गिरवतात. भिंतींत खिडक्या ठेवलेल्या नाहीत, कारण आमच्या खोऱ्यातला वारा बारीक वाळू आत आणतो आणि शेगडीची ऊब बाहेर नेतो.

२. शरदात आपले तपासनीस साहेब आले. खारट दुधाचा चहा घेऊन त्यांनी चारही भिंती पाहिल्या आणि विचारले, "खिडकी कुठाय?"

तेथे बसलेल्या दवलतमो आजी म्हणाल्या, "वर बघ की, लेकरा. उजेडात तर बसलायस."

"आजी, ते छताला भोक आहे. खिडकी भिंतीत असते."

छतातील भोक बंद करावे, असा शेरा मिळाला. आजींनी चार शब्द सुनावले, परंतु परवानगी अडू नये म्हणून आम्ही चौखणावर पत्रा ठोकला. तो उस्तोंनी स्वतःच्या हातांनी ठोकला.

३. साहेब पुन्हा आले तेव्हा आत दिवा लावावा लागला, आणि वीजही त्याच वेळी गेली. पुरेशा नैसर्गिक उजेडाअभावी इमारत वापरास अयोग्य ठरली व दाराला सील लागले. साहेबांबद्दल माझी तक्रार नाही. निघताना ते मला म्हणाले, "बाई, मी तरी काय करू? पहिल्यांदा भोक दिसलं ते लिहिलं. आता अंधार दिसला तो लिहिला."

त्यावर आम्ही भिंत फोडून खिडकी करण्याची तयारी दर्शवली. आपल्या कार्यालयातून कळले की सीलबंद इमारतीत काम करण्यास परवानगी देता येत नाही, आणि खिडकी झाल्याखेरीज सील निघत नाही. हे मी दोनदा विचारून घेतले. कार्यालयात अर्ज घेण्याच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "मला समजतंय हो तुमचं. पण मला समजून काय उपयोग?"

४. आता मूळ मुद्दा. शेगडी पेटत नसल्याने छतावरचा बर्फ वितळत नाही. उस्तो फावडे घेऊन वर चढले, तेव्हा गावचे शिपाई गुलबेक धावत आले. ते उस्तोंचे पुतणेच आहेत.

"काका, खाली या. सीलबंद घरावर चढणं म्हणजे आत शिरण्यासारखंच आहे."

"अरे, बर्फ काढतोय. घर काढत नाहीये."

"मला कळतंय. पण उद्या मला विचारतील. माझी पोरं आहेत."

उस्तो खाली उतरले. तेव्हापासून ते समोरच्या आपल्या ओसरीत बसून त्या छताकडे पाहत असतात. जेवायला बोलावले तर येतात, पण त्या छताकडे पाठ करून बसत नाहीत.

५. मुले सध्या माझ्या घरी बसतात. घर लहान आहे, निम्म्यांना परत पाठवावे लागते. दवलतमो आजींच्या सुनेने काही दिवस वाट पाहिली आणि रस्ता बंद होण्याआधी मुलांना घेऊन ती राजधानीत, दुशान्बेला गेली. जाताना माझ्या दारात थांबून म्हणाली, "बाई, रागावू नका. वर्ग असता तर मी हलले नसते." आजी मागे राहिल्या आहेत. आणखी दोन घरे वसंतात जाण्याच्या बेतात आहेत. त्यांना थांबा म्हणायला माझ्याकडे काही नाही.

६. तरी निदान बर्फ काढू द्यावा, पत्र्याचे नंतर पाहावे, अशी विनंती आहे.

७. वरील मजकूर काल लिहिला. आज सकाळी मधली तुळई मोडून छत खाली आले. नदीकडील भिंतही गेली. आत कोणी नव्हते, त्यामुळे बंदी योग्यच होती असे नोंदवले जाईल, याची मला कल्पना आहे. तिच्याविरुद्ध मी काही लिहीत नाही.

उस्तो सर्वांत आधी पोहोचले. चौखणाच्या चौकटी ढिगाऱ्यात वरच दिसत आहेत, एक तर अखंड आहे. मी त्यांना म्हटले, वसंतात पुन्हा बांधू. ते म्हणाले, "बांधा तुम्ही. माझ्या हातून आता दुसरं होणार नाही, पोरी."

सबब, लाकूड भिजून कुजण्यापूर्वी ते व मुलांची पुस्तके बाहेर काढण्यास परवानगी द्यावी. पडलेल्या भिंतीच्या बाजूने आत सहज जाता येते, तरी कोणीही गेलेले नाही. गुलबेक तेथे उभे आहेत आणि उस्तो त्यांच्या शेजारी. दाराचे सील शाबूत आहे.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,
सवसन किमतशोएवा
शिक्षिका, पिशदरा
दि. ९ फेब्रुवारी

सोबत : यापूर्वीच्या अर्जांच्या नकला. छायाचित्र जोडलेले नाही, वीज नाही.