करमाडच्या फोटोला हार

३ नोव्हेंबर, सोमवार
अन् वर मलाच म्हणतो, आई तू चिडचिड लई करती. मग काय आरती ओवाळू? हर्सूलला खानावळीची शाखा काढली, गप बसले. करमाडला काढली, तवा बी गप. आता पैठण रोडला जागा धरून आला अन् मला कवा कळलं, तर पेढा हातावर ठेवल्यावर. पोटचा पोरगा. बोर्डावर नाव माझं, 'गयाबाई'. फोटो माझा. येसराची आमटी माझ्या हातची, ती सगळीकडं. अन् सांगायचं मला शेवटी. भाकऱ्या थापणाऱ्या सुमनला बी आधी माहीत. म्हणती, "काकू, मला वाटलं विलासदादानं तुमाला सांगितलं आसंल."
आसंल म्हणं.
दुपारी अर्धी बाकं मोकळी. भाकऱ्या उरल्या, वाळत घातल्या.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
तुळशीची लग्नं लागली की औरंगपुऱ्यात बस्त्याची गर्दी होती. गावाकडून जीप भरून मंडळी येतात, नवरीच्या साड्या, मानपानाचे कपडे घेतात, अन् पोटं चोळीत माझ्याकडं येतात. कवापासूनचं चालू हाय. आवंदा कुणी नाय. कापडाच्या दुकानात पाय ठेवाय जागा नाय, माझ्याकडं माशा.
आज दारात जाऊन उभीच राह्यले. एक बस्ता समोरून गेला. नवरी, तिच्या दोन मावश्या, पिशव्या, मागं पुरुष माणसं. मी म्हणलं, या की जेवायला. त्यातल्या एका म्हातारीनं आत डोकावलं, गल्ल्यावर बसलेल्या माझ्या सुनंकडं बघितलं, पदर तोंडाला लावला अन् नवरीचा दंड धरून पुढं ओढलं. जसं काय आत काय मरून पडलंय.
माझ्याकडं तिनं बघितलंच नाय.

९ नोव्हेंबर, रविवार
विलास आला होता. फोनमधला नकाशा दाखवला. लाल ठिपके. "आई बघ, हर्सूल. जेलात मुलाखतीला आलेली माणसं. सकाळपासून उपाशी असतात, तिथून निघाली की आपल्याकडंच. हे करमाड. शेंद्र्याच्या कंपनीची पोरं, अन् जालन्याला जाणारी गाडी एक सुद्धा न थांबता जात नाय. हे पैठण रोड. ह्या टोकापासून त्या टोकाला आपणच."
चांगलं हाय म्हणलं. चांगलंच हाय, लेकरानं लई मर मर केली, मी काय आंधळी नाय.
मग बघितलं तर औरंगपुऱ्याला ठिपकाच नाय.
"हितं कामून नाय रं?"
म्हणला, "राहिला आसंल. तिथं गाडी लावाय जागा नाय आई, कोण येतं आता." चहा अर्धा ठिवून गेला.

१२ नोव्हेंबर, बुधवार
कदम मास्तर आले. रिटायर झाल्यापासून रोज दुपारी माझ्याकडं जेवतात, मधी लेकीकडं जालन्याला गेले होते. दारात आले अन् तिथंच थांबले. चप्पल बी काढंनात. चेहरा पांढरा.
"मावशी, तुम्ही हायेत?"
म्हणलं हाय की, कुठं जाती.
बाकावर बसले, पाणी पिले, मग म्हणले, परवा येताना करमाडला जेवायला उतरलो. भितीवर तुमचा फोटो, फोटोला चंदनाचा हार, खाली दिवा. वाढणाऱ्या पोराला इचारलं तर त्यानं हात जोडून वर दाखवलं. "मी ताटावरून उठलो मावशी. घरी यून तुमच्या नावानं डोक्यावरून आंघोळ केली. थंड पाण्यानं. सर्दी झाली बघा." मग नाक पुसत म्हणले, "अन् तेराव्याचं आवतण बी नाय दिलं मला. इतकी वर्षं जेवलो, एवढा बी मान नाय?"
लई हसले मी. सुमन तर परातीवर वाकून हसत होती.
मग हात धुताना ती म्हातारी आठवली. पदर लावलेली. सूनच गल्ल्यावर, मी नाय. सुतकाच्या घरी बस्त्याची मंडळी पाणी बी पीत नाय. नवरी तर उंबरा बी शिवत नाय.
म्हणजे हे गावागावात गेलंय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
वि.ला फोन. म्हणला, उद्घाटनाला लक्ष्मीच्या फोटोला हार घालायचा होता, पोरांनी दोन्ही फोटोंना घातला. बाहेरच्या मुलखातली पोरं, त्यांना काय कळतं. काढतो म्हणला.
चंदनाचा हार कुणी आणला ते नाय इचारलं. इचारायला पायजे होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
करमाडला गेले, सुमनला घेऊन, बसनं. रस्त्यावरूनच दिसतो माझा चेहरा, आसला मोठा, नाकात नथ काढलीय. जन्मात नथ घातली नाय मी.
आत गर्दी. खरंच गर्दी. कंपनीची पोरं, जालन्याकडची कुटुंबं, बाहेर माणसं उभी नंबर लावून. फोटो गल्ल्याच्या वर. हार तसाच. समई पेटलेली. जेवून उठलेला माणूस हात धुतो, बडीशेप घेतो अन् फोटोला नमस्कार करून जातो. ओळीनं.
मी फोटोखाली जाऊन उभी राह्यले. कुणाला काय नाय. वाढणारा पोरगा म्हणला, "मौसी, साइड में." एक बारकी पोरगी मातर बघाय लागली, फोटोकडं, माझ्याकडं, फोटोकडं. "मम्मी, ती आज्जी खाली आली." तिच्या आईनं वर बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् घास तसाच हातात. मग लेकराला उचललं अन् दुसऱ्या टेबलाला जाऊन बसली.
खुर्ची ओढली, चढले, हार काढला. पिशवीत घातला. मॅनेजर पळत आला, "ओ बाई, ओ बाई, मालकांच्या आईचा फोटो हाय तो!" सुमन म्हणली, "अन् ह्या कोन हायत रे भाड्या?"
त्यानं इश्वास नाय ठिवला. वि.ला फोन लावाय लागला. मी थांबले नाय. सुमनला घेऊन परतीची बस धरली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सुमनची बहीण शेंद्र्याला कामाला हाय, तिनं बघितलं. हार पुन्हा घातला. आधीपेक्षा जाड. वरून बारका बल्ब लावलाय. अन् नवीन मेनू कार्डावर छापलंय, 'आईच्या आठवणीतली चव'.
आता हे बाहेरच्या पोरांनी नाय छापलं.
वि.ला म्हणलं, काय रं हे. मग म्हणला, "आई, तुला कळत नाय. लोक थांबतात, लेकरांना दाखवतात, फोटो काढून गावाला धाडतात. हार घातल्यापासून करमाड सगळ्यात जास्त चालतंय. हर्सूलला बी तसंच करायचं म्हणतोय. तुला कुणी काय म्हणलंय का? तू फक्त तिकडं येत जाऊ नको."
येत जाऊ नको.
रडू आलं नाय. राग बी नाय आला. भ्या वाटलं. त्याचा आवाज इतका सरळ होता, जसं गॅसची टाकी बदल म्हणतो तसा.

२४ नोव्हेंबर, सोमवार
एक माणूस टेप घेऊन आला. चुलीपासून दारापर्यंत मोजलं, मोरी मोजली, भितीवर पेन्सिलनं खुणा केल्या. म्हणलं कोण तू. म्हणला, हितं मोबाईलचं दुकान होणार हाय ना, फर्निचरवाला हाय मी. जागेच्या मालकांनी सांगितलं खानावळवाली बाई वारली, जागा मोकळी व्हायलीय.
"मग मी कोण?"
वर नजर केली नाय त्यानं. "तुम्ही कामाला असाल मावशी. तुमाला सांगतील ते."
सून गल्ल्यावरच बसली होती. मोबाईलमधी बघत होती.
सांजच्याला सुमनला वि.चा निरोप. एक तारखेपासून करमाडला ये. तिनं मला इचारलं, काकू जाऊ का नको? काय सांगू तिला. घरात चार तोंडं हायत तिच्या. जा म्हणलं. तर रडाय लागली.

२६ नोव्हेंबर, बुधवार
कदम मास्तर एकटेच जेवायला. म्हणले, "मावशी, तुम्ही जिवंत असल्याचा दाखला काढा, पेन्शनीला आम्ही देतो तसा." हसू नाय आलं कुणालाच.
आता सरळ लिहिते, अन् हेच पान वि.ला धाडणार हाय. सुमन फोटो काढून पाठवती म्हणली.
विलास, रविवारी माझ्या भाचीचा बस्ता हाय. मी तिच्या सासरच्यांना सांगितलंय, जेवायला औरंगपुऱ्यालाच या. ते येतो म्हणतेत, पण तिची सासू कुणाला तरी इचारत होती म्हणं, त्या घरी सुतक हाय का. मी काय सांगू तिला? तू सांग.
तुझ्या शाखा चालू दे. गर्दी होऊ दे, माझं काय म्हणणं नाय, माझंच नाव हाय वर. पण ही खानावळ राहती का जाती, ते मला टेपवाल्याकडून नको, सुनंकडून नको, फोनवर नको. ही भाड्याची जागा तू सोडलीय का नाय, एवढंच. रविवारी मंडळी ताटावर बसायच्या आत हितं यायचं, सगळ्यांच्या देखत मला आई म्हणून हाक मारायची, अन् सांगायचं.
रविवारपर्यंत. दुपारपर्यंत.