काच कोणी फोडली

रायपूर, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय पायलताईस, धाकट्या संघर्षचा कडक जयभीम. वि. वि.

व्हिसाच्या वेळी लोकांचं सोशल मीडिया पाहतात, म्हणून भांडणाचं काही फोनवर लिहू नको म्हणाली होतीस. तर घे, हे पत्र. भांडणाचंच आहे.

तुले अर्धवट माहीत आहे. ऋता आणि मी तेलीबांध्याच्या तलावावर बसलो होतो. परतायला उशीर झाला, मुलींच्या हॉस्टेलचं गेट बंद. वॉर्डन मॅडम तिले नाही नाही ते बोलल्या. मी ओरडलो, गेट हलवलं, हे कबूल. पोट्टे जमले, कोणीतरी दगड मारला, ऑफिसची काच फुटली. तो दगड माझा नव्हता. कॉलेज म्हणते, काच मी फोडली असं माफीनाम्यात लिहून दे आणि ऑक्टोबर संपायच्या आत वर्गात बस. नाहीतर चौकशी माग. मी कागद टेबलावर आपटला आणि लॉचं तिसरं वर्ष तसंच टाकून घरी आलो.

आता भनपुरीत राकेशभैयाच्या ट्रान्सपोर्टमध्ये ट्रकच्या मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, फाडून राहिलो. ट्रक विशाखापट्टणमले जातात, नागपूरले जातात, मी खुर्चीवर तिथंच. बाबांनी गोल बाजारात शिवून घेतलेला माझा काळा कोट खिळ्यावर टांगला आहे. सगळे त्या कोटाकडे पाहून जेवतात.

ऋता फोन उचलत नाही. घरच्यांनी बंद केला असेल. ती माझ्याच बाजूनं आहे, हे मले माहीत आहे.

तू तिकडे काय शिकवून राहिली? लिही. रागावली तरी चालेल, माया तेवढी कमी करू नको.

तुझा संघर्ष


ओहायो, २४ ऑगस्ट

चि. संघर्षला ताईचे अनेक आशीर्वाद. ती. बाबांना जयभीम सांग.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा हसले (बिल्ट्या फाडणारे वकीलसाहेब!), एकदा नाही.

यंदा मी अमेरिकेचं राजकारण आणि न्यायालयं शिकवते आहे. त्यातूनच नव्या संशोधनाची कल्पना सुचली. इथं बहुतेक गुन्हे खटला न चालताच शाबित होतात. आरोपी कबुली देतो, बदल्यात शिक्षा कमी होते. पुष्कळ ठिकाणी सरकारी वकीलही निवडून यावे लागतात, त्यांना लोकांना आकडे दाखवायचे असतात. न केलेलं कबूल करणारेही त्यात सापडतात. ते काहून करतात, याची कारणं मी विद्यार्थ्यांना गोळा करायला लावली आहेत. भीती, जामिनाची सोय नसणं, घरी एकटं राहिलेलं लेकरू, कधी नुसता कंटाळा.

आता मोठी बहीण म्हणून सांगते, सही कर. मलाही डीननं बोलावून सांगितलं की अभ्यासक्रमातला एक भाग लोकांना खटकतो, तो गाळ. मी गाळला, तेव्हा माझा करार वाढला. करार गेला की व्हिसा गेला. आणि बाबांना भेटायला आले तर परत आत घेतील याची खात्री नाही. इथं बर्फ पडतो, तेव्हा खिडकीसुद्धा उघडत नाही.

ती पोट्टी खरंच तुझी असेल, तर तू वर्गात बसल्यावरही तुझीच राहील. डोकं थंड ठेव आणि बहिणीवर लोभ असू दे.

ताई


रायपूर, १४ सप्टेंबर

ताईस जयभीम. आज एवढंच, बाकी राग आहे.

निर्दोष माणसं सह्या काहून करतात याच्यावर तू पेपर लिहिणार, आणि घरच्या निर्दोषाले सही कर म्हणून सांगणार! अशानं तुझ्या पेपरात एक आकडा वाढेल, दुसरं काय? तू भाग गाळला, मी नाही गाळणार.

मी चौकशीचा अर्ज दिला. साक्षीदार म्हणून ऋताचं नाव लिहिलं. ती माझ्या बाजूलेच उभी होती, माझे दोन्ही हात गेटाच्या गजावर होते हे तिनं पाहिलं. ती एक वाक्य बोलली की संपलं. बाबांनी अर्ज वाचला आणि कोट उन्हात टाकला. त्यांना काय समजलं, मले माहीत नाही.

भांडलो तरी तुझाच,
संघर्ष


ओहायो, ३० सप्टेंबर

चि. संघर्षला आशीर्वाद.

रागाचं पत्र पोचलं. त्यातलं बरंचसं खरं होतं, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही.

फक्त एक ऐक. साक्षीदार बोलवायच्या आधी त्यानं अगोदर काय लिहून दिलं आहे ते पाहावं, हे मी वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवते. ऋता इतके महिने फोन उचलत नाही. घरच्यांशिवाय दुसरं कारण असू शकतं. सगळे कागद माग, मग ठरव. आणि काही ठरलं तरी मला लिहायचं थांबू नकोस.

ताई


रायपूर, २६ ऑक्टोबर

प्रिय पायलताईस सप्रेम जयभीम.

कागद मागितले. त्यात ऋताची जबानी निघाली, त्या रात्रीच्या दुसऱ्याच दिवशीची. दगड संघर्षने मारला, मी पाहिलं, असं हिंदीत लिहिलं आहे. अक्षर तिचंच. नेहमी रेषेत लिहिते, इथं शेवटच्या ओळी खाली घसरल्या होत्या. वॉर्डनच्या खोलीत तिच्या पप्पांना बोलावून तिले बसवलं होतं, हे पराग सांगत होता. हॉस्टेलमध्ये परागची खोली माझ्या शेजारी होती, तो थापा मारत नाही.

आधी वाटलं, तिच्या घरासमोर जाऊन ओरडावं. दोन दिवस राकेशभैयाच्या ट्रकवाल्यांवर ओरडलो. मग डोकं चालायला लागलं. चौकशी झाली असती तर आमच्यापैकी एक खोटा ठरला असता. मी खरा ठरलो असतो, तर खोटी जबानी दिली म्हणून तिले काढलं असतं.

म्हणून अर्ज मागं घेतला आणि माफीनाम्यावर सही केली. आता ती काच मीच फोडली, ताई. तिनं लिहिलं ते खरं झालं.

उद्यापासून वर्ग आहे. बाबांनी कोटाच्या गुंड्या स्वतः लावून पाहिल्या आणि ते तुले फोन लावायला धावले. मी जबानी पाहिली हे ऋताले माहीत नाही. तिले वाटेल, संघर्ष शेवटी घाबरला. वाटू दे.

माफीनाम्यात शेवटी एक ओळ होती, यापुढे सदर विद्यार्थिनीशी कसलाही संपर्क ठेवणार नाही. ती वाचूनच सही केली. तिची जागा माझ्या पुढच्या बाकावर आहे.

तुझ्या कारणांमध्ये हे एक नाही. पण पेपरात टाकू नको. फक्त तुझ्याजवळ ठेव, आणि या भावावर माया ठेव.

तुझा
संघर्ष