क्लच दाबलाच गेला नाही

मंगळवार, संध्याकाळ

आज वाडीच्या सिग्नलवर डाव्या हातानं क्लच दाबायला गेलो, तर बोटं मिटलीच नाहीत. चाळीस वर्षं सांभाळलेली माझी इटालियन मोटारसायकल झटका देऊन बंद पडली आणि माझ्यासकट आडवी झाली. दोन ट्रकवाल्यांनी उचलली. "काका, लागलं काय?" नाही म्हणालो. क्लचची तार मागच्याच महिन्यात नवी टाकली आहे. तारेला काय बोलू? हा हातच गेला. आत्ता वहीसुद्धा नीट धरवत नाही.

घरी विमलला काही सांगितलं नाही. चहा देताना तीच म्हणाली, "रविवारी मले काटोलले बहिणीकडे न्या न गाडीवर. किती दिवस झाले, तुमच्या मागं बसलीच नाही मी."

मी हो म्हणालो. काहून हो म्हणालो?