अकरा चुका, मुक्काम मिरज

तीर्थरूप भिकाजीमामांस,

अजमानहून सूर्यकांतचा साष्टांग नमस्कार. आम्ही तिघेही इथे खुशाल आहोत. तुमची प्रकृती मी एरवी विचारत नाही, कारण ती मला दर रविवारी पेपरात कळते. शब्दकोड्याच्या ‘सर्वशुद्ध’ यादीत ‘भिकाजी वाटवे, मिरज’ दिसलं की मी प्रमिलाला सांगतो, मामा ठणठणीत आहेत, आणि ती चहा ठेवते.

त्या यादीत एकदा तुमच्या नावाखाली माझं नाव यावं आणि पुढे ‘अजमान’ असावं, एवढीच माझी हाव. (कोडी सोडवायला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा निम्मा दोष तुमचा.) पेपर आता प्रवेशिका ऑनलाइनही घेतो म्हणून उत्साहाने बसलो, तर फॉर्मला सहा आकडी पिनकोड हवा. अजमानला पिनकोडच नाही. आमचा पत्ता म्हणजे मशिदीच्या मागे, लाँड्रीच्या वर. मी सहा शून्यं टाकली. लगेच उत्तर आलं, ‘आपली प्रवेशिका मिळाली. सहभागाबद्दल आभार.’ (हा निरोप मी अख्ख्या ऑफिसला दाखवला.) रविवारी पाहतो तर नाव नाही. शुद्धांत नाही, चुकणाऱ्यांतही नाही. ऑफिसातला तय्यब म्हणाला, “हबीबी, मामा का पत्ता डालो, खलास!” मला ते पटलं, आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

पुढच्या रविवारी नाव झळकलं, ‘एक चूक: सूर्यकांत जोगळेकर, मिरज.’ मामा, अर्धं आयुष्य आखातात घालवून मी मिरजेचा, आणि वर चुकलेला! माझा आडवा नववा शब्द बरोबर होता, याचे पुरावे देऊन मी संपादकांना खरमरीत तक्रार लिहिली. तक्रारीला वेगळी जागा नव्हती, म्हणून ती उत्तरांच्याच रकान्यांत भरली. लगेच उत्तर आलं, ‘आपली प्रवेशिका मिळाली. सहभागाबद्दल आभार.’ आणि काल त्यांनी माझी तक्रार इमानेइतबारे तपासून निकाल छापला, ‘अकरा चुका: सूर्यकांत जोगळेकर, मिरज.’ त्या गटात मी एकटाच आहे. ईशानीने त्या निकालाचा फोटो महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि वर मला म्हणते, “बाबा, यू आर फेमस!” मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कोडी मी घालतो, मामा. आता कुठल्या तोंडाने घालू?

असो. प्रमिलाचा नमस्कार, ईशानीचा ‘हाय’.

तुमचा (आणि छापील पुराव्यानुसार मिरजेचा),
सूर्यकांत

ता. क. : अपमान गिळून यादी पुन्हा वाचली, तेव्हा लक्षात आलं की तुमचं नाव नाही. मागचा अंक काढला, त्यातही नव्हतं; तेव्हा मी स्वतःचंच नाव बघण्यात गुंग होतो. सर्वशुद्ध पाहिले, एक चूक, दोन चुका, असं उतरत उतरत थेट माझ्यापर्यंत आलो. तुम्ही कुठेच नाही. फोन करतोय, तोही तुम्ही उचलत नाही.

ता. क. दुसरा : पेपराचे नियम आत्ता वाचले. (आधी कोण वाचतो?) ‘एका पत्त्यावरून प्रथम आलेली एकच प्रवेशिका ग्राह्य धरली जाईल.’ तुमचं पाकीट टपालाने जातं, माझा मूर्खपणा क्षणात पोचतो. म्हणजे दोन्ही रविवारी तुमचं सर्वशुद्ध मीच खाल्लं. तुम्ही आजारी नसून माझ्यावर भडकला आहात, एवढं कळलं तरी मी बिल्डिंगभर पेढे वाटीन. तेव्हा हात जोडून विनंती, फोन उचला आणि शिव्या घाला. पहिली शिवी आली की पोच मिळाली असं समजेन.