करडा स्वेटर

३ फेब्रुवारी

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

तू दिग्दर्शित केलेली नवी गुप्तहेराची मालिका सुरू झाली. आधी विनोदी, मग युद्धपट, मग लहान मुलांचा सिनेमा. हे म्हणतात, तुझा भाऊ एका जागी टिकत नाही. पण टीव्हीसमोरची खुर्ची सगळ्यात आधी हेच पकडतात!

एक विचारायचंय. कालच्या भागात बसथांब्यावर करड्या स्वेटरमधला एक माणूस होता. तोच युद्धपटात दवाखान्याच्या बोळात होता, विनोदी मालिकेत पार मागे. वय तेच. बाबा घर सोडून गेले तेव्हा तू पाळण्यात होतास, पण मला चेहरा आठवतो, तेव्हा होता तस्साच आहे. स्वेटर आईनं विणलेला, गळ्याशी टाका सुटलेला. बाळ, ते बाबाच आहेत.

तुझी,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाचून आधी हसलो. मग संकलकाला घेऊन जुनं चित्रीकरण काढलं आणि हसू पळालं. गर्दीची माणसं पुरवणारा म्हणतो, असा कुणी मी पाठवलाच नाही. सेटवरही कुणी पाहिला नाही. तो तुकडा कापला, तर पुढच्या तुकड्यात उभा!

लोक म्हणतात, याला सगळंच जमतं. खरं सांगू? कशातच मन रमलं नाही, म्हणून बदलत राहिलो. उद्या सगळ्यांना सुट्टी देऊन रिकाम्या सेटवर एकटाच कॅमेरा लावणार आहे. आले, तर विचारीन, का गेलात? काळजी करू नकोस. भावोजींना नमस्कार.

तुझा,
बाळ

२० मार्च

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

त्या दिवसापासून तू घरी नाहीस, तरी तुझ्याच पत्त्यावर लिहितेय. पहारेकरी सांगतो, स्टुडिओतून कुणी बाहेर पडलंच नाही. कॅमेरा मात्र चालू होता. संकलकानं मला दाखवलं. तू रिकाम्या भिंतीला काही विचारतोस, बराच वेळ ऐकत राहतोस. मग मान डोलावतोस आणि चौकटीबाहेर जातोस.

मालिका आता तुझा सहायक करतो. काल बाजाराच्या गर्दीत बाबा होते. शेजारी तू. इतका निवांत चेहरा तुझा मी कधी पाहिला नव्हता. ह्यांनी घाबरून टीव्ही बंद केला, मी पुन्हा लावला. तू ओठ हलवून मला बोलावत होतास. बाबांनी हात पुढे केला होता.

मलाही टाकूनच गेले होते रे ते. हात धरावासा वाटला, खोटं कशाला बोलू? पण मी येणार नाही. ह्यांचं दुखणं आहे, लेकीचं बाळंतपण तोंडावर आलंय.

आहे तेवढा लोभ पुरे. उत्तर पाठवू नकोस.

ताई