अण्णा, आम्ही तुमचा घाट बघून आलो

प्रिय अण्णा,

मागच्या शनिवारी मी तुमची गाडी घेऊन आंबेनळीचा घाट चढलो. मी! महाडच्या बाजारात मला गाडी मागे घेताना बघून तुम्ही डोळे मिटून घ्यायचात, तोच मी. कारखान्यात सांगितलं तर म्हणतील, त्यात काय, सगळेच चढतात. आईला सांगायला बसलो, तर ती अर्ध्यातच पदर डोळ्यांना लावते आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून तुम्हालाच लिहितोय. जिवंतपणी तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. संध्याकाळी डेपोतून सुटलात की तुम्ही बिरवाडीत घरी असायचात, मग लिहिणार काय?

आधी दीपालीचं सांगतो. तुमची सून दिवाळीला माहेरी गेली ती परत आलीच नव्हती. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, मिटवता तरी आलं असतं.

अण्णा, तुम्ही चहा पिता पिता गेलात. कप बशीत नीट ठेवलात आणि भिंतीला टेकलात. आईला वाटलं डुलकी लागली. इतक्या शांतपणे कोणी जातं का हो? इतकी वर्षं एसटी चालवलीत, वळण घेण्याआधी हॉर्न द्यायचा हे मला तुम्हीच शिकवलंत, आणि स्वतः मात्र न वाजवता वळलात!

तेव्हापासून मी दीपालीला राखायला लागलो. ती शिवणाच्या दुकानात निघाली की फोन, पोचली की फोन, जेवली का म्हणून परत फोन. तिची स्कूटी मीच तिच्या भावाला देऊन टाकायला लावली. झोपेत तिच्या नाकाशी हात धरून श्वास बघायचो. एकदा ती म्हणाली, "अहो, मी काय लोणच्याची बरणी हाय का? फडकं बांधून फळीवर ठेवलीत, झालं." मला हसू आलं. ती हसत नव्हती हे मी बघितलंच नाही.

मग पौषात तिचा निरोप आला. फोनवरच लिहिलं होतं. "शनिवारी अण्णांची गाडी घेऊन पोलादपूरला या. मला घाटातून फिरवा, चांगलंचुंगलं खायला घाला, रात्री माझ्या माहेरी राहा. दोन दिवसांत एकदाही 'सांभाळून' म्हणायचं नाय. मग बघू, मी येते का नाय ते."

'मग बघू' मी किती वेळा वाचलं असेल, अण्णा!

गाडीवरची ताडपत्री तुम्ही गेल्यापासून तशीच होती. ती काढली तर आत तुमचा वास. तंबाखूचा नाही, त्या निळ्या साबणाचा. मी चाकांतली हवा बघितली, पंपावर परत बघितली. मलमपट्टीचं सामान घेतलं, उकळून गार केलेलं पाणी घेतलं. आई दारात उभी राहून म्हणाली, "लढाईवर चाललास काय रे? बायकोला आणायला चाललायस ना?"

पोलादपूरच्या स्टँडवर ती पिवळी ओढणी घेऊन उभी होती. दाराशी आली, वाकून आत बघितलं आणि म्हणाली, "ड्रायवर, महाबळेश्वरला सोडणार काय?" मी म्हटलं, "बसा." ती पोट धरून हसली. कित्येक महिन्यांनी ते हसू ऐकलं. मी पट्टा लाव म्हणणार होतो, पण हेही त्यात धरलं जाईल की काय या भीतीनं गप्प बसलो. तिनं स्वतःच लावला.

घाट सुरू झाला आणि खालून धुकं वर यायला लागलं. तुम्ही जेवताना सांगायचात ना, सावित्रीचं खोरं हिवाळ्यात सकाळी दुधानं भरतं म्हणून? मला वाटायचं, अण्णा वाढवून सांगतात. नाही हो. खरंच भरतं! डोंगरांचे नुसते माथे वर राहिले होते, बेटांसारखे. वाळलेल्या गवतावर ऊन पडलं होतं आणि सगळा डोंगर पिवळा, मऊ दिसत होता, हात फिरवावा असा. रस्ता थोडा दिसायचा, मग नाहीसा व्हायचा. गाडी चालतेय की आम्ही नुसते तरंगतोय, हे काही वेळ मला कळत नव्हतं. आणि मला भीती वाटत नव्हती, अण्णा. जिथं सगळ्यात जास्त वाटायला हवी तिथं नाही वाटली.

वळणावर घाटदेवीचं छोटं देऊळ आलं. तुम्ही तिथं हॉर्न देऊन मान झुकवायचात. मीही हॉर्न दिला. दीपालीनं हात जोडले आणि तसेच खिडकीबाहेर काढून धुक्यात धरले. अख्खा दंड बाहेर! तो शब्द माझ्या दातांपर्यंत आला. मी म्हटलं, "हवा छान आहे."

पुढं ती कठड्यावर चढून उभी राहिली. मी म्हटलं, "हवा छान आहे." माकडाच्या पिल्लाला हातानं शेंगदाणे द्यायला गेली आणि त्याची आई दात विचकून पुढं आली. मी ओरडलोच, "हवा! हवा छान आहे!"

"आज हवा फारच वेळा छान झाली हो," ती म्हणाली. "घशात काय अडकलंय? पाणी देऊ?"

"काही नाही."

"खोटं बोलताना कान लाल होतात तुमचे. सासऱ्यांवर गेलायत."

तुमचे व्हायचे का हो? मी कधी बघितलं नव्हतं. तिनं बघितलं होतं.

वरच्या अंगाला एका बाईच्या टपरीवर थांबलो. चुलीवर नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, मिरचीचा ठेचा. कढईतलं तेल कालचं आहे का हे मी वाकून बघत होतो. बाई म्हणाली, "काय पडलंय का दादा त्यात?" दीपाली म्हणाली, "त्यांचा जीव पडलाय मावशी, तुम्ही वाढा." मग मीही खाल्लं. पिठल्यात लसूण जरा करपलेली होती आणि त्यामुळेच ते इतकं चांगलं लागत होतं. नंतर तिनं द्रोणभर स्ट्रॉबेरी मीठ लावून खाल्ली, न धुता. मी दुसरीकडे बघितलं.

तेवढ्यात खालून लाल गाडी आली, महाड डेपोची. ड्रायव्हरनं वेग कमी केला, आमच्या गाडीकडे बघितलं आणि हात वर केला. मला ओळखत नव्हता तो. तुमच्या गाडीला ओळखत होता. गाडी धुक्यात शिरली तरी तिचा आवाज बराच वेळ येत राहिला, आणि मला वाटलं, तुम्हीच गेलात पुढे. तसं वाटून रडू नाही आलं. बरं वाटलं.

एक विचारू? या रस्त्यानं इतकी वर्षं गेलात-आलात, आईला एकदा तरी पुढच्या सीटवर बसवून नेलंत का? ती अजून म्हणते, "घाट मी ह्यांच्या तोंडून बघितला." असं का केलंत, अण्णा? ड्यूटीवर जमत नव्हतं, पण सुटीच्या दिवशी?

संध्याकाळी दीपालीच्या वाडीत पोचलो, उमरठच्या पलीकडे. तिच्या आईनं अंगणात पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे; मडकं उपडं आणि भोवती जाळ. धुराचा आणि पाल्याचा वास सगळ्यांच्या कपड्यांत बसला. दीपाली भाजलेल्या शेंगा सोलून दाणे माझ्या हातावर ठेवत होती आणि आकाश इतकं खाली आलं होतं की बोलावंसं वाटेना. मला वाटलं, जमलं. आता उद्या तिला घेऊन जायचं.

पण तिचे वडील, म्हणजे मामा, मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, उद्या देवीला कौल लावू. पोरीला पाठवायची का नाय, ती सांगंल. मग कुणाला बोलायला जागा नको."

आणि अण्णा, मला हायसं वाटलं! देवी सांगणार म्हणजे मला दीपालीला विचारावं लागणार नव्हतं. तिच्या तोंडून 'नाय' ऐकावं लागणार नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

रविवारी सकाळी देवळात गेलो. गुरवानं दोन फुलं पाण्यात भिजवून देवीला लावली, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. गाऱ्हाणं घातलं, "माये, लेक नांदायला जायची असंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे." आम्ही हात जोडून फुलांकडे बघत उभे. फुलं हलेनात. मामा खोकले. मी देवीला मनात इतक्या विनवण्या केल्या की तिलाच कंटाळा आला असेल.

दीपाली देवळाच्या बावीवर पाय धुवून मागून आली. "काय चाललंय?"

"कौल लावलाय गो," मामा म्हणाले. "तुला पाठवायची का नाय."

तिनं एकदा फुलांकडे बघितलं. मग माझ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हणून मान हलवली.

"म्हणजे दोघांनी देवीला विचारलंत. मी काय बाहेर चपला राखायला आले होते? काका, काढा ती फुलं."

गुरव म्हणाला, "लावलेला कौल मधीच उतरवत नाय गो पोरी."

"मग देवीला बसू दे विचार करत," असं म्हणून ती बाहेर गेली.

मामा चिडले. "जा की मागं तिच्या," म्हणाले, "मी काय जाऊ?"

ती पिंपळाच्या पारावर बसली होती. मी उभाच राहिलो. दोन दिवसांत मी एकदाही तो शब्द बोललो नव्हतो, आणि वाटत होतं की मी अट पाळली, आता बक्षीस द्या. पण तिच्या तोंडाकडे बघून कळलं की मी फक्त तोंड बंद ठेवलं होतं. तिच्याशी बोललो कुठं होतो?

मी म्हटलं, "दीपाली, येशील का?"

"का येऊ?"

असं काही ती विचारेल हे मी धरलंच नव्हतं. मी म्हटलं, "मला भीती वाटते. तू नसलीस तरी वाटते, असलीस तर जास्त वाटते. ही भीती जाणार नाही असं वाटतं. पण तू आलेली मला हवी आहेस."

ती जमिनीकडे बघत होती. "भीती तुमची हाय ना? मग ती तुम्ही बघा. माझ्या गळ्यात नका बांधू. मला बघायला मी हाय." मग हात पुढं केला. "चावी द्या."

"कशाला?"

"भावाच्या टेम्पोवर शिकलेय दिवाळीपासून. लायसन पण काढलं. तुम्ही रोज विचारायचात, जेवलीस का, जेवलीस का. दिवसभर काय करतेस, ते कधी विचारलंत?"

अण्णा, चावी माझ्या खिशात होती. ती काढून तिच्या हातावर ठेवायला मला जितका वेळ लागला तितक्यात तुम्ही घाट उतरला असतात. पण ठेवली.

ती आत गेली, देवीच्या पाया पडली, आईच्या गळ्यात पडली आणि पिशवी मागच्या सीटवर टाकली. उमरठवरून पोलादपूरपर्यंत तीच चालवत होती. मी पहिल्यांदा या रस्त्याकडे रस्ता म्हणून न बघता बघितलं. शेतात वालाचे वेल, पाण्यावर उतरलेले बगळे, कुठंतरी पेटवलेल्या पाल्याचा निळा धूर. चालवणाऱ्याला हे काही दिसत नाही, नाही का? तुम्हाला तरी किती दिसलं असेल?

महाडला पोचल्यावर तिच्या आईचा फोन आला. गुरव जेवून देवळात आला तर दोन्ही फुलं खाली पडलेली. आधी कुठलं पडलं ते कोणीच बघितलं नाही. दीपाली म्हणाली, "शहाणी हाय देवी."

ती घरी आहे, अण्णा. आई दोन दिवस नुसती तिच्या मागे मागे फिरतेय. मी मात्र अजून सुधारलो नाही. काल ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तर मी दोनदा जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो. वरपर्यंत गेलो नाही, एवढंच.

येत्या रविवारी ती आईला घेऊन घाटात जाणार आहे. दोघीच. आईला पुढच्या सीटवर बसवून. मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. आई तर कालपासून कुठलं लुगडं नेसायचं ते ठरवतेय. मी येऊ का, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

तुम्हाला वचन देतो. त्या निघाल्या की मी दारातून हात करीन आणि आत येईन. फोन कपाटावर ठेवीन. मोड आलेले वाल सोलून बिरडं करीन, त्या कधीही येवोत, गरम करून वाढता येईल असं. आणि दोघी आल्या की, पोचायला उशीर का झाला, हे विचारणार नाही. काय काय बघितलंत, ते विचारीन.

तुमचा,
महेश