चुलीपाशी अंथरूण

सोमवार, ७ जानेवारी १९५७. पिंपरी
रंभीला परत धाप लागली. पाच वर्षांची पोर, आणि म्हाताऱ्या बाईसारखी बसून श्वास ओढते. आत्याबाई म्हणाल्या, "थंडी बाधलीया. पोरीला चुलीपाशी निजव." सासूचा शब्द! अंथरूण चुलीपाशी हलवलं, फटींत गोणपाट कोंबलं. खोली छान उबदार झाली.

शुक्रवार, १८ जानेवारी
ऊब केली तर धाप जास्तच! कारखान्याला जाण्याआधी हे तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारतात. मला काही सुचत नाही.

शनिवार, २६ जानेवारी
मोशीला वन्संकडे आलोय. वन्संना मूल नाही, रंभीवर फार जीव. इथं उघडी पडवी, नदीवरचा गार वारा — आणि रंभी गाढ झोपते! थंडीच बाधत असेल तर इथं का बाधत नाही?

मंगळवार, ५ फेब्रुवारी
घरी आलो आणि छातीत परत शिट्टी. आज चुलीपाशी झाडताना फटींतलं गोणपाट ओढलं — मागं झुरळंच झुरळं! शी! एक रंभीच्या हातावरून पळालं, आणि ते गेलं त्या वाटेवर लाल गांधी उठल्या.

पुण्याच्या डॉक्टरांना सांगितलं. वाटलं, हसतील. हसले नाहीत. "काहींना धुळीचं वावडं असतं, हिला झुरळांचं दिसतंय. घर साफ करा, बाई."

आणि आम्ही तिला नेमकं त्यांच्यातच निजवत होतो.

रविवार, १७ फेब्रुवारी
गोणपाट जाळलं. फळ्या उन्हात टाकल्या, भेगा लिंपल्या, चूल बाहेर मांडली. आत्याबाई स्वतः राख उपसत होत्या. चार दिवस रंभी बरी होती. पण चाळीच्या भिंती छपराला कुठं टेकतात? पलीकडे बबनरावांची खानावळ, तिथून झुरळं वरून येतात! त्यांना हात जोडले. तर म्हणाले, "वहिनी, झुरळानं कधी कुणी मेलंय का?" असा राग आला!

गुरुवार, ७ मार्च
काल रंभीची नखं निळी पडली. कारखाना सोडता येत नाही, दुसरी खोली मिळत नाही. वन्सं आल्या होत्या. रडत म्हणाल्या, "वैनी, माझ्या वटीत घाला तिला. तिकडं जगंल ती." हे भिंतीकडे तोंड करून बसले. मी वन्संना चहासुद्धा विचारला नाही.

बुधवार, २० मार्च
वन्संच्या ओटीत घातली. नारळ मीच दिला.

रविवार, १४ एप्रिल. मोशी
रंभी अंगणात पळत होती. दम नाही, शिट्टी नाही. वन्संना आता आई म्हणते — मीच तसं शिकवून गेले होते. मला बघून थांबली.

"मामी, तुमी कवा आला?"